जुन्या यंत्राचे तेलपाणी

जुलै महिन्याचा दुसरा रविवार उजाडला की बंगळूर शहरात एक जुना आवाज पुन्हा ऐकू येतो. एरवी त्या शहराच्या रस्त्यांवर नव्या वाहनांची अखंड घरघर असते. पण त्या सकाळी दोन नळकांड्यांतून फुटणारा, थोडासा घोगरा, थोडासा पोकळ असा तो आवाज दुरूनही वेगळा ओळखू येतो. जावा आणि येझदी या मोटारसायकली पदरी बाळगणारे लोक त्या दिवशी एकत्र जमतात. कोणाची गाडी वडिलांनी घेतलेली, कोणाची मामाकडून आलेली, तर कोणी ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवून आणलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याचे दरवाजे बंद झाले. म्हणजे त्यांतली धाकट्यांत धाकटी गाडीही आज तिशीच्या घरात आहे आणि थोरल्यांनी साठी गाठली आहे. माणसाने साठी गाठली की त्याच्या पथ्यपाण्याची चर्चा घरात सुरू होते, गाडीचेही तसेच. त्या मेळाव्यात रंगाची आणि क्रोमच्या झिलईची वाखाणणी पहिला अर्धा तास चालते. पुढे मग जो तो एकाच प्रश्नावर येतो: तेल कोणते घालता?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. उत्तर चुकले तर दंड मोठा आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या अडकून बसला, ज्याला कारागीर ‘इंजिन पकडले’ म्हणतात, तर वेगात असलेल्या गाडीचे मागचे चाक एकाएकी जखडते; स्वार सावध नसेल तर हाडे मोडण्याचा प्रसंग. आणि माणूस वाचला तरी सिलिंडर पुन्हा कातून मोठा करावा लागतो, मोठ्या मापाचा दट्ट्या बसवावा लागतो. असे कातणे किती वेळा करता येईल याला मर्यादा आहे, कारण सिलिंडरची भिंत काही अमर्याद जाड नसते. कारखाना बंद झालेल्या गाडीच्या बाबतीत तर प्रत्येक कातणे म्हणजे आयुष्यातून वजा झालेले एक पान.

बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला तेलाचे मुख्य काम ठाऊक होते: दोन कठीण पदार्थ एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये एक मऊ पडदा धरून ठेवणे. इंजिनातले तेल तेवढ्यावर सुटत नाही. ते उष्णता वाहून नेते, काजळी पोटात घेते, गंजाला आडवे येते आणि दट्ट्याच्या कड्यांच्या फटी भरून वायूची गळती थांबवते. मात्र ही सारी कामे सर्व इंजिनांत सारख्याच रीतीने होत नाहीत, आणि येथेच पहिली गफलत होते. आजच्या बहुतेक मोटारसायकलींचे इंजिन फोर-स्ट्रोक, म्हणजे चार धावांचे असते. त्याच्या तळाशी तेलाचा साठा असतो आणि पंप ते पुनःपुन्हा फिरवतो. जावाचे इंजिन दोन धावांचे. त्याच्या पोटात तेलाचा साठाच नसतो. पेट्रोलमध्ये कालवलेले तेल त्याच्याबरोबरच क्रँकच्या पेटीत शिरते, जाता जाता बेअरिंगांना आणि दट्ट्याला ओले करते आणि शेवटी जळून धुराबरोबर बाहेर पडते. एक तेल संसारी आहे, तर दुसरे संन्यासी. दोघांना एकच नियम लावून चालत नाही.

दोन धावांच्या इंजिनाला किती तेल द्यावे हा वाद जुना आहे. ज्या काळी या गाड्यांची रचना झाली त्या काळी साधे खनिज तेलच मिळत असे आणि पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे एका लिटरला ४० मिलिलिटर, हे प्रमाण सर्रास चाले. आजची खास टू-स्ट्रोकसाठी तयार केलेली तेले पुष्कळ सुधारलेली आहेत, म्हणून कित्येक जण चाळिसास एक, म्हणजे लिटरला २५ मिलिलिटर, एवढ्यावर भागवतात. पन्नासास एक हे प्रमाण बजाजच्या स्कूटरींना पुरत असे, म्हणून ते जावालाही पुरेल असे मानणारे धाडसी लोक आहेत. त्यांच्या वाटेला न जाणे बरे. बेअरिंगांची घडण, कड्यांची जात, थंड होण्याची सोय, यांवर हे प्रमाण ठरते. शिवाय नव्याने कातलेल्या सिलिंडराला पहिले काही शे किलोमीटर तेल जरा सढळ हाताने द्यावे लागते. पण सढळपणालाही हद्द आहे. तेल वाढवले की त्या मिश्रणातले पेट्रोल तेवढे कमी होते आणि हवेच्या मानाने इंधन विरळ पडते. वर दट्ट्याच्या माथ्यावर आणि नळकांड्यांच्या आतल्या जाळीवर काजळीची पुटे चढतात ती निराळीच. ‘थोडे जास्त घातले म्हणून काय बिघडले?’ हा आईच्या हातच्या तुपाचा न्याय येथे लागू पडत नाही.

तेलाच्या जातीचा विचार करताना एरंडेलाची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. पहिल्या महायुद्धातली कित्येक विमाने एरंडेलावर उडाली, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही आणि तापलेल्या धातूला घट्ट चिकटून राहते. १८९९ मध्ये इंग्लंडात तेलाचा व्यापार सुरू करणाऱ्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या पेढीने १९०९ मध्ये आपल्या नव्या तेलात एरंडेल मिसळले आणि त्यावरूनच त्याचे नाव ‘कॅस्ट्रॉल’ पडले. आजही शर्यतीच्या गाडीमागून एक गोडसर वास आला की जुने रसिक खूष होतात. परंतु एरंडेलात एक मोठा दोष आहे: ते तापून लाखेसारखे चिकट होते आणि कडी खाचेत रुतवून टाकते. प्रत्येक शर्यतीनंतर इंजिन उघडून पुसणाऱ्याला ते परवडेल. रोज कचेरीत जाणाऱ्याला नव्हे.

मग डब्यावर काय पाहावे? जपानी मानक संस्थेने दोन धावांच्या इंजिनांच्या तेलाला एफबी, एफसी, एफडी अशा पायऱ्या लावून दिल्या आहेत. एफसीपासून धूर कमी होतो आणि एफडीत तोच कमी धूर ठेवून भरीस इंजिन अधिक स्वच्छ राहते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या मोटारसायकलीला एफसी किंवा एफडी यांपैकी कोणतेही चालेल. होड्यांच्या इंजिनांसाठीचे, टीसी-डब्ल्यू ३ असे चिन्ह असलेले तेल मात्र घेऊ नये. ते पाण्याने थंड राहणाऱ्या यंत्रासाठी आहे आणि मोटारसायकलीची धग त्याला सोसत नाही. पूर्वी पेट्रोलपंपावर पिपातून मापाने सुटे तेल मिळे. त्यात काय काय मिसळलेले असे ते देवच जाणे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ सालच्या आदेशानुसार त्या वर्षअखेरीपासून दिल्लीत अशा सुट्या तेलाच्या विक्रीस बंदी झाली, ती शहराच्या हवेसाठी. पण इंजिनांवरही ते उपकारच झाले.

बंगळूरची माणसे रविवारी पहाटे गाड्या काढतात त्या बहुधा नंदीच्या डोंगराकडे. डोंगर समुद्रसपाटीपासून १४७८ मीटर उंच, वळणे नामी, वर धुके. चढताना इंजिन तापते आणि सारेजण त्याचीच काळजी करतात. खरा धोका उतरताना असतो. जेथे तेल पेट्रोलबरोबर येते, तेथे पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. उतारावर मूठ मिटलेली, गिअर खालचा आणि गाडीच्या वजनाने इंजिन भराभर फिरते आहे. अशा स्थितीत बेअरिंगांच्या वाट्याला थेंबभरही वंगण येत नाही. साब या स्वीडिश कंपनीने आपल्या दोन धावांच्या मोटारींत उतारावर चाक इंजिनापासून आपोआप सुटे होण्याची योजना केली होती, तिचे कारण हेच. मोटारसायकलस्वाराने अधूनमधून मूठ जराशी उघडावी, किंवा क्लच दाबून इंजिनाला सोडवावे. या एका सवयीने जेवढी इंजिने वाचतील तेवढी महागड्या डब्याने वाचणार नाहीत.

अलीकडे या चर्चेत एक नवा पाहुणा आला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरमध्येच भरलेल्या ऊर्जा सप्ताहात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर ते देशभर पोहोचले. उसाच्या मळीशी ज्यांचा संबंध आहे त्या महाराष्ट्राच्या लोकांना इथेनॉलचे कौतुक असणे स्वाभाविक आहे. पण साठच्या दशकात आखलेल्या यंत्राला त्याची ओळख नव्हती. इथेनॉलच्या वजनात एकतृतीयांशाहून अधिक प्राणवायूच असतो. त्यामुळे कार्बोरेटरची जुनी सुई आणि जुना जेट यांनी मोजून दिलेले मिश्रण विरळ पडते आणि इंजिन अधिक तापते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, तेथील हवा मुंबईच्या मानाने आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. म्हणून तेथे हा दोष काहीसा झाकला जातो. तीच गाडी रेल्वेने मुंबईस आणली तर झाकण उघडे पडते आणि जेट एक माप मोठा करावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. टाकीत पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलला बरोबर घेऊन तळाशी बसते आणि वर पेट्रोल उरते. नेहमीचे वंगणतेल पेट्रोलमध्ये विरघळते, पाण्याच्या सोबतीस जात नाही. आता टाकीची तोटी तळाशी असते हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सांगायला नको: महिना-दीड महिना पावसात उभी राहिलेली गाडी सुरू केली की इंजिनाला प्रथम मिळते ते बिनतेलाचे पाणीमिश्रित इथेनॉल. गाडी मुळी सुरूच झाली नाही तर ते दैव म्हणायचे. यावर उंची तेल हा उपाय नाही. टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे ओली हवा आत शिरायला जागा राहत नाही. आणि गाडी महिन्याहून अधिक काळ उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा. कालवलेले पेट्रोल साठवून ठेवण्याची हौस सोडावी.

जावाच्या पोटात आणखी एक तेल असते, त्याचा पुष्कळांना विसर पडतो. गिअरपेटी आणि क्लच यांचे तेल एकच, आणि ते क्रँकच्या पेटीपासून एका रबरी सीलने वेगळे ठेवलेले. क्लचच्या चकत्या त्या तेलात बुडून काम करतात. मोटारीसाठी विकली जाणारी, इंधन वाचवण्याची प्रतिज्ञा करणारी काही पातळ तेले इतकी निसरडी केलेली असतात की क्लचच घसरू लागतो. इंजिन ओरडते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून जासो एमए हे चिन्ह असलेले मोटारसायकलीचे तेल घ्यावे. एमबी हे चिन्ह त्याच मानकाचे, पण ते कमी घर्षणाच्या तेलांचे. ओल्या क्लचच्या जुन्या गाडीला ते नको.

आता ते सील. वयपरत्वे रबर कडक होते, त्याचे ओठ झिजतात आणि क्रँकच्या पेटीतला झोत गिअरपेटीचे तेल थेंब थेंब आत ओढू लागतो. मालकाला दिसतो तो फक्त पांढरा धूर. तो तेलाचे प्रमाण कमी करतो. धूर कमी होत नाही. तो तेलाची जात बदलतो, धूर तसाच. मग आणखी कमी करतो आणि एके दिवशी भर रस्त्यात इंजिन पकडते. वास्तविक दोन महिन्यांपूर्वी गिअरपेटीची पातळी पाहिली असती तर उत्तर तेथेच होते, आणि खर्च एका सीलचा. बंगळूरच्या जयचामराजेंद्र रस्त्यावर सुट्या भागांच्या दुकानांची जी रांग आहे, तेथे असे सील मागायला येणारे गिऱ्हाईक थोडे आणि ‘सर्वांत चांगले तेल’ मागणारे फार, यात नवल नाही. तेल बदलणे सोपे असते, इंजिन उघडणे अवघड.

चार धावांच्या जुन्या इंजिनांकडे वळले की अंकांचे कोडे समोर येते. २०डब्ल्यू-५० यातला पहिला अंक थंडीतल्या वागणुकीचा आणि दुसरा तापल्यानंतरच्या दाटपणाचा. शंभर अंश उष्णतेवर ‘४०’ क्रमांकाच्या तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ क्रमांकाची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स या पट्ट्यात असते. लेहमध्ये पहाटे गाडी सुरू करणाऱ्याला पहिला अंक लहान हवा. बंगळूरमध्ये पौषातल्या रात्रीही पारा बहुधा पंधराच्या आसपासच असतो. तेथे पहिल्या अंकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. दुसऱ्या अंकाला मात्र अर्थ आहे, कारण त्या शहरात इंजिन तापते ते वेगाने नव्हे, खोळंब्याने. चौकात वीस मिनिटे पहिल्या गिअरमध्ये सरपटणाऱ्या, वारा न लागणाऱ्या इंजिनाची अवस्था नागपूरच्या वैशाखातल्या गाडीहून फारशी निराळी नसते.

म्हणूनच ‘इंजिन म्हातारे झाले, तेल जाड करा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो. त्यात अर्धे सत्य आहे. बेअरिंगांमधली फट झिजेने वाढली की पातळ तेल लवकर निसटते आणि दाब उतरतो; तेथे ४० ऐवजी ५० घेतल्याने आवाज मऊ होतो आणि तेलही कमी जळते. पण जाड तेल अरुंद वाटांतून सावकाश पोहोचते, आणि बरीच झीज गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात होते. शिवाय निळा धूर कड्यांमुळे आहे की झडपांच्या दांड्यांजवळच्या सीलमुळे, हे न पाहता तेल जाड करणे म्हणजे नाडी न बघता काढा देणे. जोराने पळताना धूर निघत असेल तर कड्यांवर संशय घ्यावा. उतारावर मूठ मिटून मग उघडताच धुराचा लोट आला तर झडपांवर. एक अंक जाड करून पाहावे. त्यापुढे कारागिराकडे जावे.

नव्या तेलांविषयी जुन्या गाड्यांच्या मालकांचा एक आक्षेप मात्र मनावर घेण्याजोगा आहे. जस्त आणि फॉस्फरस यांचे एक संयुग कॅमसारख्या घासणाऱ्या भागांचे रक्षण करते. परंतु फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला बाधतो, म्हणून २००४ पासूनच्या एसएम वर्गात पातळ जातींच्या तेलांना ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. २०डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांना ती मर्यादा नाही. तेव्हा मोटारीचे पातळ उंची तेल जुन्या बुलेटमध्ये ओतण्यापेक्षा मोटारसायकलीसाठीचे साधे २०डब्ल्यू-५० तिला अधिक मानवते. त्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरपेटी आणि क्लचची पेटी यांचे संसार वेगवेगळे असतात. गिअरपेटीत पितळी व काशाच्या बुशी असतात, आणि जीएल-५ वर्गाच्या तेलातले गंधक या पिवळ्या धातूंना खाऊ शकते. तेथे जीएल-४ बरे.

शेतातल्या डिझेल पंपाची कथा थोडी निराळी आहे. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे दोन कारखाने काढले. पुण्याची इंजिने दख्खनच्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या चालली. त्यांना डिझेलसाठीचेच तेल हवे, कारण काजळी पोटात धरून ठेवण्याची ताकद त्यातच असते. तेल काळे झाले म्हणून घाबरू नये. काळे होणे हे त्याचे कामच. ते दुधाळ झाले तर मात्र पाणी शिरले आहे, आणि बोटांवर चकाकणारी कणी दिसली तर बेअरिंगाचा निरोप आला आहे असे समजावे.

बाजारात नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे भरून पुन्हा विकण्याचा धंदा जुना आहे. स्वस्त मिळालेल्या डब्याचे झाकण नीट पाहावे, पावती घ्यावी आणि आपला रिकामा डबा चिरून मगच टाकावा. किंमत दुप्पट म्हणजे तेल दुप्पट चांगले असेही नाही. सांगितलेल्या वर्गाचे साधे तेल वेळेवर बदलले तर उंची तेल दोन वर्षे न बदलण्यापेक्षा ते केव्हाही सरस. गाडी फिरली नाही तरी सहा महिन्यांनी, निदान वर्षाने, इंजिनाचे तेल काढावेच. थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि आतला ओलावा व आम्ल तसेच साचून राहते. काढलेले तेल गटारात न ओतता पुनःशुद्धीकरणासाठी जमा करणाऱ्याला द्यावे.

वर्षभर अंगणात झाकून ठेवलेली गाडी सुरू करताना घाई होते ती तिच्या मालकाच्या मुलांची. जावाचा गिअरचा पाय उलटा फिरवला की त्याचाच किक होतो, आणि त्याचे अप्रूप मुलांना असतेच. त्यांना क्षणभर थांबवावे. आधी स्पार्क प्लग काढावा, त्या भोकातून चमचाभर टू-स्ट्रोकचे तेल आत सोडावे आणि प्लग न बसवता गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे. चार-सहा फेऱ्यांत दट्ट्या मोकळा सरकतो आहे असे हाताला कळते. मग टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, नवे मापून कालवावे, प्लग पुसून बसवावा. पहिल्या दोन-तीन किकना ती दाद देणार नाही, आणि दिली की अंगण धुराने भरून जाईल. ते आत सोडलेले चमचाभर तेल जळते आहे. पाच मिनिटांत धूर विरळ होतो.